गोलकीपरची हनुवटी

…माईक जरा खाली घ्या की, मान वर हुत न्हाय मला! हनुवटीला पट्टा हाय, दिसतोय न्हवं? दिसतोय म्हणूनच तर समदी हसाय लागलाय. सकाळपास्नं तेच ऐकतोय… दाढ दुखतीया का बाळासो? गाडीवरनं पडलास का बाळासो? बायकोनं हाणलं का बाळासो? आरं, चरबी काढलीया हनुवटीखालची! माझी हनुवटी, माझी चरबी, तुमच्या पोटात का दुखाय लागलंय?

जुना खेळाडू म्हणून सत्कार केलासा, शाल घालणार हाईसा, म्हणून बोलतो. पंचवीस वर्सांमागं आपल्या तालमीची फुटबॉल टीम फायनलला गेलती, एका गोलनं हरली, आणि गोलकीपर मी. तवापास्नं आख्ख्या शिवाजी पेठंत एकच बोलणं, गोल बसला तवा बाळासो झोपला हुता! मी झोपलो न्हवतो. डोळं मिटलं हुतं. तुमाला सांगतो, डोळं मिटणं येगळं आणि झोपणं येगळं! आपल्या टीमला शिकवणाऱ्या ह्या आकाराम वस्तादांनी दुपारी पांढऱ्या रश्श्याच्या चार वाट्या पाजल्या, अंगात ताकद येती म्हणून. वर एप्रिलचं ऊन. बॉल आपला सगळा वेळ पल्याडच्या टोकाला. मी खांबाला जरा टेकलो, आणि… जाऊ द्या.

तर ह्या सत्काराचा डिजिटल बोर्ड चौकात लागणार, म्हणून मी नवा फोटो काढाय गेलो. फोटोवाला म्हणतोय, "काका, मान वर करा." म्हटलं, वरच हाय. त्यो कॅमेऱ्यातनं बघतोय, परत बघतोय, "वर हाय तर दिसंना कशी?" आता काय बोलायचं? पंचवीस वर्सं लोकं झोपाळू म्हणत्यात, त्यात बोर्डावर मानबी न्हाय! दुसऱ्या दिवशी गेलो डॉक्टरकडं, राजारामपुरीत.

डॉक्टर राजवर्धन. तरणा माणूस, बोलणं गोड. माझी हनुवटी हातात धरून आंबा पिकलाय का बघावं तशी दाबली आणि म्हणाला, "चरबी काढू, पण नुसती चरबी काढली तर कातडं लोंबत राहील, ते पण आत ऊब देऊन आवळून घेऊ. आता सांगा, भूल कुठली देऊ?" म्हटलं, भुलीतबी प्रकार? "तीन. एक, हनुवटीपुरती, सुई टोचून. तुम्ही जागे, ओढल्यासारखं कळेल, दुखणार नाही. दुसरी, त्याच्या जोडीला सलाईनमधनं गुंगी, अर्धवट झोपेत राहाल. तिसरी पूर्ण भूल, त्याला भूलतज्ज्ञ येणार, उपाशीपोटी यायचं. एवढ्याशा कामाला ती सहसा लागत नाही."

आमची बायको वर्षाराणी संगं आलती, ती लगेच पुढं सरली, "पूर्णच द्या डॉक्टर, आणि जमलं तर चार दिवस पुरंल अशी द्या. माझ्या कानालाबी जरा आराम."

मी म्हटलं, जागं ठेवा! तर ही म्हणतीया, "आवं, घाबरट मानूस तुमी, गुंगी तरी घ्या की!" न्हाय म्हंजे न्हाय. एका डुलकीपायी पंचवीस वर्सं भोगतोय… डुलकी न्हवं, डोळं मिटलं हुतं! आता टेबलावर झोपलो तर पेठ काय म्हणंल? डॉक्टर म्हणाला, "बरं, जागेच राहा. सकाळी काहीतरी हलकं खाऊन या." हलकं म्हंजे काय ओ? मटण न्हाय ते हलकं! नुसता भात आणि पांढरा रस्सा, तीनच वाट्या.

झालं, टेबलावर आडवं केलं, चार-पाच जागी टुचुक टुचुक, आणि थोड्या वेळानं हनुवटी कुणा दुसऱ्याची असल्यागत झाली. डॉक्टर म्हणाला, "आता बोलायचं नाही. हनुवटी हलली की माझा हात चुकेल. दुखलं तर हात वर करा." आणि मला गप करून सोता सुरू! "मोना सिस्टर, फुटबॉल बघता का? मी लहानपणी एक फायनल बघितली, शिवाजी पेठेचा गोलकीपर चक्क खांबाला टेकून झोपलेला! कोण होता कुणास ठाऊक."

माझा हात वर! "दुखतंय? सिस्टर, अजून थोडं औषध द्या." टुचुक! आरं, दुखत न्हाय, तुझं चुकतंय! तोंड उघडता येईना, हात तेवढा हलतोय. पुन्हा म्हणतोय, "घोरत होता म्हणे!" पुन्हा माझा हात, पुन्हा टुचुक. तिसऱ्या बारीला मनात म्हटलं, बोलू दे त्येला. मशीन घुं घुं करतंय, वर दिव्याची ऊब, पोटात पांढरा रस्सा… रागानं डोळं मिटलं. निस्तं मिटलं.

उघडतोय तर मोना सिस्टर पट्टा बांधतीया. म्हटलं दहा मिंटं झाली असतील. दीड तास! वर्षाराणी आत आली, "लई तरास दिला का ओ ह्येंनी?" डॉक्टर म्हणतोय, "छे! जागं ठेवा म्हणाले आणि काय घोरले! ह्यांना गुंगीची गरजच नव्हती."

वर्षाराणी निस्ती बघितली माझ्याकडं. मग फोन काढला, वस्तादांना लावला आणि मी घोरल्याचं सांगितलं. फोनातनं मला ऐकू आलं, "मग मी पंचवीस वर्सं काय सांगतोय!"

लाज वाटली, तुमाला सांगतो. लई लाज वाटली. तुमाला गंडवलं त्येचं काय न्हाय, मी मलाच गंडवत हुतो. आज डॉक्टर तिसऱ्या खुर्चीत बसल्यात, आता लपवायची सोयबी ऱ्हायली न्हाय. डॉक्टर, त्यो गोलकीपर मीच. व्हय, झोपलो हुतो. कल्ला ऐकून जाग आली, मला वाटलं गोल आपलाच झाला, म्हणून मी टाळ्याबी वाजवल्या!

हसा, हसा. झालं माझं बोलून, हलकं वाटलं. वस्ताद, घाला आता शाल… वस्ताद? ओ वस्ताद!… दुपारच्या पंगतीत पांढरा रस्सा किती वाट्या घेतला ओ ह्येंनी? ऱ्हाऊ द्या, उठवू नगा. उठवलं तरी काय म्हणणार? डोळं मिटलं हुतं, म्हणतील.