बुवांनी न पाहिलेलं चर्च

मंडळी, ऐका. आज एक अवघड प्रश्न घेऊन उभा आहे. एखाद्याबद्दल खोटं बोललात, पण चांगलं बोललात, तर ते पाप की नाही? लगेच माना डोलवू नका. बावन्नाव्या वर्षापर्यंत मीही डोलवत होतो!

त्या वर्षी मी विद्यापीठात नाव घातलं. विषय — जगातले धर्म. बायको म्हणाली, "अहो, घरची एकादशी धड पाळता येत नाही तुम्हाला, जगाचं काय घेऊन बसलात?" हसा, हसा. पुढं हसू येणार नाही.

सरांनी काम दिलं — दुसऱ्या धर्माची उपासना प्रत्यक्ष जाऊन पाहा आणि लिहा. वर्गात सुवार्ता उबाळे होती, आपल्याच गावची, ख्रिस्ती. म्हणाली, "बुवा, रविवारी आमच्या चर्चमध्ये या. पप्पा पेटी वाजवतात." मी हो म्हणालो. अन् नेमकं रविवारी मला कीर्तन मिळालं. गेलोच नाही! पण मी पडलो कीर्तनकार. न पाहिलेल्या लंकेचं वर्णन तासभर करतो, चर्चचं काय अवघड? बसलो आणि लिहिलं. शेकडो मेणबत्त्या, मेरीमातेची मूर्ती, तिच्या पायाशी रडणारी एक विधवा. लिहिताना माझेच डोळे भरून आले.

सरांनी ते वर्गात वाचून दाखवलं. म्हणाले, "याला म्हणतात आदर." मग सुवार्ताकडं वळले, "तुमच्याकडं असंच असतं ना?" तिच्या एका शब्दावर माझी अब्रू होती. माझ्याकडं न बघता ती म्हणाली, "बुवांनी मनापासून लिहिलंय, सर."

जिन्यात गाठलं तिला. म्हणाली, "बुवा, आमच्या चर्चमध्ये मूर्ती नाही. मेणबत्त्या नाहीत. पांढऱ्या भिंती आणि सतरंज्या. कीर्तनकार येणार म्हणून पप्पा आठवडाभर अभंगाच्या चालीवर गीत बसवत होते. तुमची वाट बघत पाळकांनासुद्धा त्यांनी पंधरा मिनिटं उपासना सुरू करू दिली नाही." मग हळूच म्हणाली, "तुम्ही वाईट काहीच लिहिलं नाही. पण त्यात आम्ही कुठं होतो?"

मंडळी, तिनं शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. सरांना खरं सांगितलं. मार्क गेले, जाऊ देत. पण उबाळ्यांच्या दारात जायला मला तीन रविवार लागले, इतकी लाज वाटत होती. ते "या" म्हणाले, पेटी ओढली आणि तेच गीत वाजवलं. माझी मान काही वर झाली नाही.

आता राहिलात तुम्ही. ती विधवेची गोष्ट ओळखीची वाटली ना? लिहिली त्याच आठवड्यात मी ती याच देवळात, आपल्या गावच्या चर्चमध्ये डोळ्यांनी पाहिली म्हणून, रंगवून सांगितली होती. तुम्ही डोळे पुसले होते. हे कबूल करायला मला दोन वर्षं लागली. मला माफ करा.

पण एक विचारतो. ते चर्च एसटी स्टँडच्या मागं, इथून चालत पाच मिनिटांवर आहे. तिथं मूर्ती नाही, हे त्या दिवशी तुमच्यातल्या एकालाही कसं माहीत नव्हतं?