उलट्या पेल्यातली हवा

आत्या : अगं, मीठ काय नळाला येतं का? एक अंडं तरंगवायला अख्खी बरणी पालथी केलीस.

भिंगरी : अंडं कधीच तरंगलं, आत्या. ते सोप्पं होतं. आता ही बादली ओतून साधं पाणी भर ना.

आत्या : का, खाऱ्याचा कंटाळा आला?

भिंगरी : नदीचं पाणी खारं नसतं. बाबाची बोट नदीत उलटलीय.

आत्या : ...बरं. सरक. पाय ओले करू नकोस, तुझी आई मलाच बोलेल.

भिंगरी : आईचा धक्क्यावरून फोन आला होता ना मघाशी? तू गॅलरीत जाऊन बोललीस.

आत्या : तू जेवलीस का, विचारत होती.

भिंगरी : एवढा वेळ?

आत्या : तुझं जेवण म्हणजे काय छोटा विषय आहे? घासागणिक एक भाषण होतं.

भिंगरी : बरं, इकडे बघ. पेल्याच्या तळाशी कागदाचा बोळा दाबून बसवलाय. आता पेला उलटा करून सरळ खाली नेते. बुडाला ना पूर्ण? आता वर. लाव हात कागदाला.

आत्या : अगंबाई, कोरडा ठणठणीत!

भिंगरी : पाण्याला शिरायला जागाच नाही, आत हवा बसलीय. बोट उलटली तेव्हा इंजिनखोलीत अश्शीच हवा अडकली. म्हणून तर बाबा काल आतून ठोकत होता. काकाने स्वतः ऐकलं.

आत्या : हो, ऐकलं त्याने.

भिंगरी : पान्याने ठोकत असणार. पाना त्याच्या खिशातच असतो. आज पण ठोकतोय ना?

आत्या : मला काय इथून ऐकू येतंय? मी नदीवर आहे की तुझ्या बादलीपाशी?

भिंगरी : मी सकाळी पेटत्या मेणबत्तीवर बरणी झाकली होती. ती विझली.

आत्या : मेणबत्तीच ती. फुंकरीनेही विझते.

भिंगरी : मग त्याहून मोठी बरणी घेतली. त्यातही विझली. फक्त उशिरा.

आत्या : मेणबत्ती वेगळी, माणूस वेगळा. तुझा बाबा लहानपणी विहिरीत बुडी मारायचा तर वर यायचाच नाही. मी काठावर रडायला लागले की मग दात काढत वर यायचा, मेला... तसं नव्हतं म्हणायचं मला. आणि माझ्या मशीनच्या बॉबिनी कुठे चालवल्यास?

भिंगरी : पेल्याच्या काठाला बांधतेय, वजन म्हणून. हे बघ, काठ पाण्यात आणि बूड वर. बाबाच्या गाळ काढायच्या बोटीसारखं. तरंगतेय की नाही?

आत्या : तरंगतेय बाई. बॉबिनी गंजल्या की गिऱ्हाइकांना तूच तोंड दे.

भिंगरी : आता तुझं दाभण दे.

आत्या : ते कशाला?

भिंगरी : भोक पाडायला. काल धक्क्यावर लोक म्हणत होते, बोटीचं बूड कापा आणि माणसाला वर ओढा. मला बघायचंय कसं होतं ते.

आत्या : तुझ्या हातात दाभण देऊन दवाखान्यात कोण पळणार? आण इकडे, मी पाडते. प्लॅस्टिक तरी किती चिवट... हं, गेलं आरपार.

भिंगरी : आत्या, ऐक. फुसफुसतंय.

आत्या : हवा निघतेय.

भिंगरी : पेला खाली चाललाय. आत्या, धर त्याला! अंगठा ठेव भोकावर!

आत्या : अगं, पेलाच आहे तो.

भिंगरी : गेला. तळाला गेला... कागद भिजला.

आत्या : दुसरा देते. रद्दी काय कमी आहे घरात?

भिंगरी : कागदाचं काय घेऊन बसलीस! त्यांनी बूड कापलं तर बाबाजवळची हवा अशीच जाईल. माणूस निघेल एवढं भोक व्हायच्या आधीच बोट बुडेल. काकाला फोन लाव. आत्ताच्या आत्ता लाव!

आत्या : थांब जरा.

भिंगरी : नाही थांबायचं! तू नाही लावलास तर मी पळत जाईन.

(दार ढकलून काका आत येतो. पँट गुडघ्यापर्यंत ओली.)

काका : ताई, एक चादर हवी होती.

आत्या : आधी पाणी घे. तोंड बघ कसं झालंय.

काका : नको. चादर दे.

आत्या : जुनी चालेल?

काका : चांगली दे. धुतलेली.

भिंगरी : आई गारठलीय का, काका?

काका : हो. म्हणजे... वारा आहे धक्क्यावर.

भिंगरी : मग दे, पण आधी माझं ऐक. बूड कापू देऊ नकोस. आम्ही करून बघितलं. भोक पडलं की हवा जाते आणि सगळं खाली जातं. आत्याला विचार, तिनेच पाडलं.

काका : पाणबुड्यांना ठाऊक आहे ते. म्हणून तर काल लोक एवढे ओरडत होते तरी त्यांनी बोटीला कुणाला हात लावू दिला नाही.

भिंगरी : हुश्श! मला वाटलं, त्यांच्या लक्षातच आलं नाही की काय.

आत्या : चादर घे. जा तू.

काका : तू पण चल, ताई. वहिनीजवळ बाईमाणूस हवं. कापायचं यंत्र आलंय. आता सुरू करतील.

भिंगरी : काय सुरू करतील?

काका : चल ना, ताई. उशीर होतोय.

भिंगरी : काका, तू आत्ताच म्हणालास ना, त्यांना ठाऊक आहे! ठाऊक असून का कापतायत?

काका : ताई, तू बोल. माझ्याने नाही होणार.

आत्या : सकाळपासून मीच बोलतेय. जिभेला हाड नसल्यासारखी नुसती बोलतेय.

भिंगरी : आत्या, का कापतायत?

आत्या : इकडे ये. हात पूस आधी, बर्फ झालेत. पहाटेपासून आतून ठोकणं बंद आहे, बाळा. पाणबुड्यांनी सगळ्या बाजूंनी ठोकून पाहिलं. आतून उत्तर आलं नाही.

भिंगरी : दमला असेल. झोप लागली असेल त्याला.

आत्या : फोनवर तुझ्या आईला मीही हेच म्हणाले.

भिंगरी : मग आई काय म्हणाली?

आत्या : फोन ठेवला तिने. तिला कळलं होतं. मलाही कळलं होतं... तुझा बाबा गेला, भिंगरे.