साडभाऊच्या कमानी

१९५९ साल. यवतमाळची मोटर उमरखेडला थांबली. मी चहा घेत होतो. तिच्यातून एक लोहार मिस्त्री उतरला अन् उतरल्या उतरल्या मागच्या चाकाजवळची कमान, म्हणजे पोलादी पाट्यांची स्प्रिंग, वाकून पाहू लागला. बायको मागे उभी.

"मोडली का जी कमान?"

"नाही अजून."

"माह्या बहिणीच्या नवऱ्यानं बनवली, त्याचंच दुखते तुमाले."

"दुखन नाही त काय? कमानी पयले नागपूरहून येत. आता साडभाऊ यवतमाळात बनवते, अन् सारे मोटरवाले त्याच्याच दारात! भट्टीत तापवलेला लाल पाटा तेलात बुडवते म्हणे. आमच्या बापानं जल्मभर तापलं लोखंड पाण्यातच बुडवलं."

"तुमचे पाटे तडकते ना पण."

"लोखंडच खराब येते, त मी काय करू?"

"म्हणून त्याची कमान मोडाले ऐन चाकावरची सीट धरली? मले बसवलं, वरून जवारीचं पोतं!"

"वजन पडलं पाह्यजे ना. थांब, पुसदच्या पुढचा नाला येऊ दे. तिथं भल्या भल्या कमानी मोडते."

"अवो, हे उमरखेड व्हय. नाला कवाचाच गेला."

"गेला? मले त धक्का नाही बसला!"

"कसा बसन? दिग्रसपासून घोरून राह्यले होते तुमी."