घागर फुटली न्हाय न्हवं?

शाहू महाराजांच्या अमदानीतली गोष्ट. कोल्हापुरात जनावरांच्या दवाखान्यात खैरुनबी आपली शेळी घेऊन थांबली होती. तिच्या पुढं आकाराम आणि अंबूबाई हे नवराबायको कुत्रा घेऊन डॉक्टरांसमोर बसले होते.

“डाक्तर, ह्येला फेफरं येतंय,” अंबूबाई म्हणाली.

“कधी पडतो?”

“पळाय लागला की. धाडदिशी.”

“अंग ताठतं? पाय झाडतो? तोंडाला फेस?”

“न्हाय. चिंधीगत पडतोय.”

“उठल्यावर भांबावतो?”

“छ्या! लगीच शेपूट हलवतोय की!”

“मग हे फेफरं नव्हे, बाई. काळजाचा ठोका चुकला की त्याची शुद्ध हरपते.”

अंबूबाई नवऱ्याकडं वळली.

“अवं, आपली सून बी अशीच पडायची की.”

“गप बस.”

“घागर घिऊन चढ चढली की पडायची, आन् लगीच उठून इचारायची, ‘आत्याबाई, घागर फुटली न्हाय न्हवं?’ आन् आपुन फेफऱ्याची म्हणून तिला म्हायेरी धाडली!”

डॉक्टर उठून उभे राहिले. “तिला आजच माणसांच्या डॉक्टरला दाखवा.”

“पोराचं दुसरं लगीन चार दिसांवर आलंय,” आकाराम पुटपुटला. “बस्ता बांधून झालाय.”

“त्यो तुमी सोडा. मी गारगोटीला चालले, सुनंला आणाय.”

खैरुनबीनं शेळी बाजूला ओढली आणि अंबूबाईला वाट करून दिली.