सिमची पूजा

आयुधपूजेच्या संध्याकाळी अग्रहारातल्या मोबाइलच्या दुकानात अवनी आपला नंबर यायची वाट बघत होती. पुढे बायकोसोबत उभ्या हरिहररावांच्या फोनला सकाळपासून सिग्नल नव्हता. दुकानदाराने सिमचा ट्रे काढून नवराबायकोपुढे धरला. अवनीने स्वतःच्या फोनमध्ये डोकं घातलं, पण कान तिकडेच.

“हे काय गं? सिमला गंध?”

“आज आयुधपूजा अल्वा, नाही का? स्कूटरला लावलं, मिक्सरला लावलं.”

“मग फोनला वरून लावायचं की!”

“वरून नुसतं कव्हर हो. काम करणारं सगळं आत असतं, तुम्हीच सांगता. सेफ्टी पिनने उघडलं.”

“आणि हा तांदूळ?”

“अक्षता. एकच घातली.”

“अय्यो! दिवसभर कुणाचा फोन लागला नसेल. माणसं काय म्हणतील?”

दुकानदाराने सिम पुसून आत सरकवलं. लगेच फोन वाजला.

“हां, अक्का! नाही गं, सिग्नलच नव्हता... उद्या? दसऱ्याची हत्तींची मिरवणूक बघायला? या की... किती जण?... अकरा?... आमच्याकडेच उतरणार?”

हरिहररावांनी फोनवर तळहात दाबला आणि ते हळूच बायकोकडे वळले.

“अगं, गंध उरलंय का?”