दर तासाची नक्कल

घशाच्या डॉक्टरांच्या दाराबाहेर बाकावर माझ्या शेजारी बहीणभाऊ बसले होते. वडील आत होते.

"ताई, आवाज काही परत येणार नाही म्हणतायत. ऑपरेशनआधी बाबांनी नातीसाठी गोष्टी रेकॉर्ड केल्या होत्या, त्या सापडत नाहीत."

"घरच्या ड्राइव्हवर होत्या. पण त्या तुझ्याकडे आपोआप कॉपी होतात ना?"

"होतात. नेटवर्कवरून, दर तासाला."

"मग कशाला जीव टांगणीला लावतोस? मी घरच्या पुसल्या. फोल्डरला नुसती तारीख होती, मला वाटलं अडगळ आहे."

"कधी पुसल्यास?"

"ते ॲडमिट झाले त्या सकाळी."

"ताई, तिकडचं पुसलं की तासाभरात माझ्याकडचंही पुसलं जातं. मीच तसं लावून ठेवलंय, दोन्हीकडे सारखं राहावं म्हणून."

"सगळ्याच गेल्या?"

"चाळीसच्या चाळीस. आता त्यांचा आवाज कुठेच नाही."

"माझ्या मोबाइलवर एक निरोप आहे त्यांच्या आवाजातला. त्याच सकाळचा."

"काय म्हणतात?"

"म्हणतात, बाळ, ड्राइव्ह भरलाय. नको असेल ते काढून टाक, तुझ्या भावाकडे सगळं असतंच."