सांध्यातली भोकं

दोक-सू : सांधा घासून उघडला, तर आत पुन्हा भोकंच भोकं! ओक-बुन, तू जहाज जोडतेयस की चाळण करतेयस?

ओक-बुन : चाळणच. जेवणात आज कोंबडीचं सूप आहे ना? न्या गाळायला.

दोक-सू : थट्टा पुरे. या आठवड्यात दोनदा हा सांधा उकरला. आता तिसऱ्यांदा एक्स-रेत भोकं दिसली, तर तुझं वेल्डरचं कार्ड काढून घेतील.

ओक-बुन : ठाऊक आहे, मुकादम. अकरा वर्षं या गोदीत झाडू मारला, तेव्हा कुठे हातात वेल्डिंगची टॉर्च आली.

दोक-सू : तार सर्दावली असेल. आतल्या पावडरीला ओल चालत नाही.

ओक-बुन : सकाळी नवं रीळ फोडलं. नोझल साफ केलं. गॅसचा काटा तर तुम्हीच बघितलात, चष्मा पुसून पुसून.

दोक-सू : पंखा?

ओक-बुन : बंद. घामानं आंघोळ होते, तरी बंद.

दोक-सू : मग वारा येतो कुठून? सांध्यावर हवा येऊ न देणारा गॅस उडाल्याशिवाय असं व्हायचं नाही. टॉर्च धर बघू. पेटवू नकोस, नुसती धर.

(ती टॉर्च धरून वाकते. तो ओला तळहात सांध्यापाशी नेतो.)

दोक-सू : अगं, गार लागतंय! तुझ्या बाहीतून सुटतंय. हे अंगात गार हवा सोडणारं जाकीट! याचा व्हॉल्व्ह एवढा कुणी उघडला?

ओक-बुन : कुणी म्हणजे? गेल्या आठवड्यात मी चक्कर येऊन पडले. तेव्हापासून रोज सकाळी पाठीमागून येऊन कोण पिळतंय तो?

दोक-सू : ...मी.

ओक-बुन : वा! फुंकर मुकादमांची आणि भोकं माझ्या नावावर.

दोक-सू : मला वाटलं, गार राहशील. पुन्हा पडलीस तर...

ओक-बुन : तर काय?

दोक-सू : तर मला उलट बोलणारं कोण आहे इथे? हात पुढे कर. बाह्या टेपनं बांधतो, व्हॉल्व्ह कमी करतो. तू सांधा घाल. मी तपासनिसाला सांगून येतो, चूक माझी होती म्हणून.

ओक-बुन : अख्खी गोदी हसेल तुम्हाला.

दोक-सू : हसू दे.

ओक-बुन : मुकादम... नंतर जा. एवढा सांधा होईपर्यंत इथेच बसा. घ्या, बांधा बाह्या.